एकाच खांबावर चार अँटेना की चार कोपऱ्यांत चार गेटवे?

खटपट्या:
गोदामात तापमानाचे ६० सेन्सर आहेत, लोरा (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ), ८६८ मेगाहर्ट्झ, मधोमध एक गेटवे, म्हणजे सेन्सरचं ऐकून सर्व्हरला पाठवणारा डबा. लोखंडी रॅकमागचे पाच-सहा मनाला येईल तेव्हाच बोलतात. एक जरा वीतभर सरकवला तर मस्त चालायला लागला, आणि दुसऱ्या दिवशी समोर फोर्कलिफ्ट उभी राहिली की परत गप्प! आता एकाच खांबावर चार अँटेना लावू की कोपऱ्यांत चार गेटवे? खर्च साधारण सारखाच येतोय.

अर्धी_वेव्हलेंथ:
तुझे आजार दोन आहेत रे. वीतभर सरकवून बरा झाला ते फेडिंग, रॅकवर आपटून आलेल्या लहरी नेमक्या त्या जागी एकमेकींना मारतात. ८६८ ला तरंगलांबी साधारण ३४.५ सेंमी, म्हणजे १७ सेंमीवर चित्र बदलतं, त्याला एका खांबावरच्या अँटेनाही पुरतात. पण दुसरा आजार सावलीचा, फोर्कलिफ्टची सावली खांबावरच्या चौघींवर एकदमच पडणार ना? कोपरेच घे. एकाकडून पॅकेट हुकायची शक्यता १० टक्के धर, चौघं खरंच एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर चौघांकडूनही हुकायची ०.०१ टक्के.

खटपट्या:
मग चौघांची घड्याळं सिंक करावी लागतील का? त्याचीच धास्ती आहे.

बेसबँड_भाऊ:
अजिबात नाही. लोरावॅनमध्ये (लोरावरच्या नेटवर्कची ठरलेली पद्धत) सेन्सर कुठल्या एका गेटवेला बांधलेला नसतोच, जो ऐकेल तो सर्व्हरला पाठवतो आणि सर्व्हर डुप्लिकेट फेकून देतो. सिंक लागतं ते चौघांचे कच्चे सिग्नल जोडायचे असतील तेव्हा. त्यात मजा अशी की एकालाही न वाचता आलेलं पॅकेट जोडून वाचता येतं, चौघांकडे एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) सारखा असेल तर ६ डीबी, म्हणजे चौपट, मिळतात. पण दोन घड्याळांत १ पीपीएमचा (दहा लाखांत एक) फरक म्हणजे ८६८ हर्ट्झ, सेकंदाला फेजच्या (लहर कुठल्या टप्प्यावर आहे त्याच्या) ८६८ चकरा, ते सगळं प्रिअँबलवरून (पॅकेटच्या सुरुवातीचा ठरलेला भाग) मोजून सरळ करत बसायचं, आणि सिग्नल फारच क्षीण असेल तर प्रिअँबलच सापडत नाही 😅 वर १२५ किलोहर्ट्झच्या चॅनलला १६-१६ बिटचा आय-क्यू (कच्च्या सिग्नलचे आकड्यांच्या जोडीतले नमुने) म्हणजे कमीत कमी ४ एमबीपीएस, ते पण एका अँटेनाचे. साधे गेटवे हा कच्चा सिग्नल बाहेर देतच नाहीत, एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) घ्यावा लागतो. ६० सेन्सरसाठी कशाला ही उठाठेव.

अर्धी_वेव्हलेंथ:
+१. फक्त चारही छतालाच टांगू नकोस, एखादा रॅकच्या बोळात खाली ठेव. आणि कुठलं पॅकेट कोणकोणत्या गेटवेने ऐकलं त्याचा लॉग ठेव, दोन गेटवे नेहमी एकदमच हुकत असतील तर त्यातला एक हलव.

खटपट्या:
आधी दोनच घेतो, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. फोर्कलिफ्टवाल्याला मुद्दाम आडवी लावायला सांगून लॉग टाकतो इथे.