मदत हवी आहे : साखरपुड्याची अंगठी, ८०,००० रुपयांची मर्यादा आणि घरातली तीन मते

नमस्कार.

येत्या मार्गशीर्षात माझा साखरपुडा ठरला आहे आणि भावी पत्नीसाठी अंगठी निवडण्याचे काम घरच्यांनी माझ्यावर सोपवले आहे. मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो, घर सांगलीला आहे. अंगठीसाठी ८०,००० रुपये बाजूला काढले आहेत आणि घडणावळ, कर वगैरे सर्व धरून रक्कम त्यातच बसली पाहिजे, कारण लग्नाचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा उचलायचा आणि एका दागिन्यासाठी कोणाकडेही हात पसरायचा नाही, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवले आहे.

रकमेबद्दल वाद नाही. ती कशावर खर्च करावी, याबद्दल आहे. आईचे म्हणणे असे की २२ कॅरट सोन्याची ठसठशीत अंगठी घ्यावी, म्हणजे अडीअडचणीला ती उपयोगी पडेल. कार्यालयातील मित्र म्हणतात की साखरपुड्याला नैसर्गिक हिराच हवा. त्यातील एकाने तर दोन महिन्यांच्या पगाराइतकी अंगठी असावी असा नियमच ऐकवला. चुलतबहिणीने मागच्या वर्षी प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्याची अंगठी घेतली. तेवढ्याच पैशांत कितीतरी मोठा खडा मिळतो, असे ती सांगते. जिच्यासाठी अंगठी घ्यायची ती दंतवैद्य आहे. तिची अट एकच : अंगठी रोज वापरता आली पाहिजे, कपाटात ठेवण्यासाठी नको.

मला मुख्यतः हे जाणून घ्यायचे आहे की या रकमेत यांपैकी कोणता पर्याय शहाणपणाचा ठरेल, सराफाकडे गेल्यावर नेमके काय विचारावे आणि पावतीवर काय काय लिहून घ्यावे. शिवाय आईने तिची ४ ग्रॅमची जुनी, ठसा (हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची अधिकृत खूण) नसलेली अंगठी मोडीत घालण्यासाठी देऊ केली आहे. ती द्यावी की नाही, यावरही अनुभवी सभासदांचे मत हवे आहे. विशिष्ट पेढीची शिफारस मागत नाही.

प्रतिसाद १

अभिनंदन. मी बरीच वर्षे एका सराफी पेढीत हिशेबाचे काम पाहिले आहे, त्यामुळे आधी आकड्यांबद्दल लिहितो.

दोन महिन्यांच्या पगाराचा नियम मनातून काढून टाका. तो कोणत्याही रूढीतून आलेला नाही. १९८० च्या दशकात डी बीअर्स या हिरे कंपनीच्या अमेरिकेतील जाहिरातींनी तो लोकांच्या गळी उतरवला. आपल्याकडे साखरपुड्याला साडी, ओटी, जेवणावळ असे इतर खर्च असतात, ते त्या जाहिरातीने गृहीत धरलेलेच नव्हते.

अंगठीच्या किमतीचे चार भाग असतात : सोने, खडा, घडणावळ आणि कर. पुढेमागे विकायची वेळ आली तर यांपैकी सोन्याची किंमत त्या दिवशीच्या भावाने बहुतांशी परत मिळते, घडणावळ आणि कर कायमचे जातात आणि खड्याचे काय होईल ते पेढीच्या लेखी अटींवर अवलंबून राहते. म्हणून "हिरा की सोने" हा प्रश्न मी वेगळ्या शब्दांत विचारीन : ८०,००० पैकी किती रक्कम परत न येण्याची तुमची तयारी आहे?

हिशेबाच्या सोयीसाठी १८ कॅरटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरतो. प्रत्यक्षातला त्या दिवशीचा भाव तुम्ही घाला. ३.५ ग्रॅम निव्वळ सोन्याचे ३५,०००, त्यावर १६ टक्के घडणावळ ५,६०० आणि हिरा ३०,००० रुपयांचा. बेरीज ७०,६००. त्यावर ३ टक्के जीएसटी आणि ठशाचे ४५ रुपये व त्यावरचा कर मिळवला की रक्कम ७२,८०० च्या आसपास जाते. यात सोने निम्म्याहूनही कमी आहे. आता आईचा पर्याय पाहा. त्याच हिशेबाने २२ कॅरटचा भाव साधारण १२,२०० येतो, ५.५ ग्रॅमचे ६७,१००, घडणावळ १२ टक्के धरली तर ८,०५२, कर आणि ठसा मिळून ७७,५०० च्या आसपास. येथे सोने सुमारे ८७ टक्के आहे. केवळ अडीअडचणीचा विचार केला तर आईचे म्हणणे बरोबर आहे आणि ते मान्य करूनच पुढे जावे. मात्र अडीअडचणीसाठीच सोने घ्यायचे असेल तर दागिना कशाला, वेढणी घ्यावी; तिच्यावर घडणावळ नगण्य असते.

हिरा घ्यायचा ठरल्यास सोने १८ कॅरटचेच घ्या. २२ कॅरट मऊ असते आणि रोजच्या वापरात खडा धरणारे दाते त्यात लवकर वाकतात.

प्रयोगशाळेतील हिऱ्याबद्दल बोलताना लोक उगाच "खोटा" हा शब्द वापरतात. तोही शुद्ध कार्बनचाच स्फटिक असतो, कडकपणा तोच आणि चमकही तीच. नुसत्या डोळ्यांनी किंवा भिंगाने जाणकारालाही फरक सांगता येत नाही, त्यासाठी खास यंत्रे लागतात. दुकानात अमेरिकन डायमंड म्हणून मिळणारा झिरकोनिया किंवा मॉयसनाइट हे मात्र पूर्णपणे निराळे पदार्थ आहेत. फरक पडतो तो किमतीच्या वर्तनात. उत्पादन वाढत गेले तसे प्रयोगशाळेतील हिऱ्यांचे घाऊक भाव गेल्या काही वर्षांत सतत घसरत आले आहेत, त्यामुळे त्यावर घातलेले पैसे हौसेचे समजावेत. अर्थात छोट्या नैसर्गिक हिऱ्याचीही फेरविक्री किरकोळ ग्राहकाला खरेदीच्या किमतीने होत नाही, हे दुकानदार आपण होऊन सांगत नाही.

पावतीवर खड्यासकट एकूण वजन आणि सोन्याचे निव्वळ वजन वेगवेगळे लिहून घ्या. खड्याचा कॅरट हे वजनाचे माप आहे, सोन्याच्या शुद्धतेचा कॅरट वेगळा. १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे ०.३० कॅरटचा हिरा ०.०६ ग्रॅमचा, सोन्याच्या भावाने त्याचे पैसे लावले तरी वरील दराने ६०० रुपयांचाच फरक पडेल. पण कोणी ५ कॅरटचा पुष्कराज बसवून घेत असेल, तर तो १ ग्रॅम भरतो आणि तेथे १०,००० रुपये गुपचूप निघून जातात.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, परंतु आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्यात मागे पडले आहे. मी स्वतः रुग्णालयात काम करते. दिवसभर हातमोजे घालणाऱ्या हाताला उंच दात्यांची, वर उचललेल्या खड्याची अंगठी चालत नाही. ती मोज्यात अडकते, मोजा फाटतो आणि मग अंगठी काढून खिशात ठेवण्याची सवय लागते. हरवतात त्या अशाच. शस्त्रक्रियेच्या वेळी अंगठी उतरवावीच लागते, हेही लक्षात असू द्या. खडा कडेने सोन्यात पूर्ण बसवलेला, म्हणजे बंद कोंदणाचा, आणि वरचा भाग बोटालगत सपाट असलेला नमुना पाहावा. बंद कोंदणात खडा किंचित लहान दिसतो एवढाच तोटा.

खड्याच्या आकाराबद्दल : गोल पैलूंचा १ कॅरटचा हिरा साधारण ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि ०.३० कॅरटचा सुमारे ४.३ मिलिमीटर. वजन तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, पण व्यास दोन-तृतीयांश. शिवाय अर्धा कॅरट, एक कॅरट अशा गोल आकड्यांवर कॅरटमागचा दर एकदम चढतो, त्यामुळे ०.५० ऐवजी ०.४७ चा खडा घेतला तर डोळ्यांना काही कळत नाही आणि पैसे वाचतात. पैलू पाडण्याचा दर्जा मात्र उत्तम घ्यावा. चमक त्यावर ठरते. रंग आणि स्वच्छता यांत एक-दोन पायऱ्या खाली उतरले तरी पिवळ्या सोन्यात ते जाणवत नाही.

बोटाचे माप संध्याकाळी घ्या, सकाळी नको. दिवसभरात आणि उकाड्यात बोटे फुगतात. पेरावरून अंगठी सहज उतरते की नाही हेही पाहा.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कोंदणाचा मुद्दा माझ्या मनातही आला नव्हता. तिला विचारले तर तिनेही तेच सांगितले. रविवारी दोन ठिकाणी चौकशी केली. पहिल्या दुकानात अंगठीला एकच किमतीची चिठ्ठी लावलेली होती आणि सोने किती, हिरा किती असे विचारल्यावर "आमच्याकडे असे सुटे सांगत नाहीत, पण घडणावळीवर ५० टक्के सूट आहे" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी सर्व तपशील कागदावर लिहून दिला, मात्र अंगठी बनवून घेण्यास तीन आठवडे लागतील असे सांगितले. पहिल्या ठिकाणची एकूण रक्कम कमी आहे. सुटीसकट ती खरोखर स्वस्त आहे का, हे कसे ओळखावे? जुन्या अंगठीचा प्रश्नही अजून शिल्लक आहे.

प्रतिसाद १ चे लेखक

मूळ घडणावळ किती होती हे कळल्याशिवाय तिच्यावरील ५० टक्के सुटीला काहीच अर्थ नाही. ३० टक्के लावून निम्मी सोडली की १५ उरते, आणि तेवढी तर दुसरीकडे न मागता लागते. ज्या दुकानात निव्वळ वजन सांगितले जात नाही तेथे तुलनाच करता येत नाही, म्हणून मी ते दुकान यादीतून वगळीन. ठसा असलेल्या दागिन्याच्या पावतीवर वस्तूचे वर्णन, निव्वळ वजन, कॅरट व शुद्धता आणि ठशाचे शुल्क वेगळे दाखवले गेलेच पाहिजे. ही मागणी म्हणजे तुमचा आगाऊपणा नव्हे.

अंगठीच्या आतल्या बाजूला तीन खुणा पाहा : बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, १८ कॅरटसाठी ७५० हा आकडा आणि अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय ठशाचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर हे अ‍ॅप दुकानात बसूनच उघडा, क्रमांक टाका आणि तेथे दागिन्याचा प्रकार अंगठी असाच दिसतो ना, शुद्धता जुळते ना, हे पैसे देण्यापूर्वी तपासा. माप नंतर बदलायचे झाल्यास पट्टी कापून जोडावी लागते आणि त्यात हा क्रमांक जाऊ शकतो, म्हणूनही माप आधीच नीट घ्यावे.

हिऱ्यासाठी जीआयए किंवा आयजीआय यांसारख्या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल मागा आणि त्याचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळा. हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतील, हे अहवालावर आणि पावतीवर दोन्हीकडे स्पष्ट शब्दांत आले पाहिजे. परत घेण्याची टक्केवारी तोंडी ऐकू नका, लिहून घ्या. ती आजच्या किमतीवर आहे की त्या दिवशीच्या, हेही.

आईची अंगठी कायद्याने मोडीत घालता येते, ठसा नसला तरी सराफ जुने सोने घेऊ शकतो. परंतु जीएसटी नव्या अंगठीच्या पूर्ण किमतीवर लागतो, वजावट करून उरलेल्या फरकावर नाही. त्यामुळे करात काही वाचत नाही. कॅरटमीटर पृष्ठभागाचीच शुद्धता दाखवतो, म्हणून वितळवून काढलेला आकडाच ग्राह्य धरा आणि वितळवणे समोर बसून करून घ्या. माझे मत विचाराल तर तुमचे ८०,००० पुरत आहेत, तेव्हा ती अंगठी आत्ता मोडू नका. लग्नात मंगळसूत्राच्या वाट्या घडवताना ते ४ ग्रॅम अधिक उपयोगी पडतील.

धागाकर्ता

आईला ही मंगळसूत्राची सूचना फार आवडली आणि तिने अंगठी परत डब्यात ठेवली. आम्ही १८ कॅरट, बंद कोंदण आणि ०.३० कॅरटच्या आसपासचा नैसर्गिक हिरा असे ठरवले आहे. मोठा खडा मोज्याखाली नकोच, असे तिने सांगितल्यावर प्रयोगशाळेतील हिऱ्याचे मुख्य आकर्षणच उरले नाही. शनिवारी दवाखाना सुटल्यावर माप देण्यासाठी ती येणार आहे. त्याच वेळी दुसऱ्या पेढीत ऑर्डर देऊ. भाव ऑर्डरच्या दिवशीचा धरणार की अंगठी हातात मिळेल त्या दिवशीचा, हे तेवढे आगाऊ रकमेच्या पावतीवर लिहून घेतो.