ऑर्थो-के लेन्स बंद केल्यावर नंबर स्थिर कधी होतो?

प्रश्न

गेली सहा वर्षे मी रात्री झोपताना ऑर्थो-के लेन्स (डोळ्याच्या पुढच्या भागाला रात्रभरात तात्पुरता आकार देणाऱ्या कडक लेन्स) घालते आणि दिवसा चष्म्याविना वावरते. त्या सुरू करण्यापूर्वी दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ४ होता. अलीकडे डोळे कोरडे पडतात आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात, म्हणून लेन्स कायमच्या सोडून लेसर शस्त्रक्रियेचा विचार करावा असे मनात आहे. तापामुळे मागे तीन रात्री लेन्स घातल्या नव्हत्या, तेव्हा दूरचे पुसट दिसू लागले आणि जुना चष्मा लावला तर डोके दुखू लागले. नवा चष्मा लगेच करून घ्यावा का? माझ्या बारा वर्षांच्या मुलीलाही याच लेन्स आहेत, तर तिच्याही सोबतच बंद कराव्यात का?

प्रतिसाद १

नवा चष्मा इतक्यात करू नका. या लेन्समुळे कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा, जेमतेम ५० मायक्रॉन जाडीचा पेशींचा थर रात्रभरात मधोमध किंचित पातळ आणि त्याभोवतीच्या पट्ट्यात किंचित जाड होतो, आणि लेन्स सुटली की तो हळूहळू मूळ आकाराकडे परततो. बराचसा परिणाम पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच ओसरतो. पण नंबर मोठा असेल किंवा वापर अनेक वर्षांचा असेल, तर पूर्ण स्थिर व्हायला महिना किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. या दरम्यान नंबर रोज बदलतो, सकाळचा आणि संध्याकाळचाही एक नसतो. तुमचा जुना चष्मा त्या दिवसांत गरजेपेक्षा जास्त नंबरचा ठरत होता, म्हणून डोके दुखत होते.

मधल्या काळासाठी वेगवेगळ्या नंबरच्या, रोज टाकून द्यायच्या मऊ लेन्स किंवा कमी नंबरचा तात्पुरता चष्मा नेत्रतज्ज्ञांकडून घेता येतो. तुमचे डोळे कोरडे असल्यामुळे मी चष्म्याकडे झुकेन. नजर पुरेशी सुधारलेली नसेल त्या दिवशी वाहन चालवू नये.

डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर मात्र हा प्रश्न लेन्स सोडण्याचा राहत नाही. त्याच दिवशी डोळे तपासून घ्यावेत, कारण कॉर्नियाचा जंतुसंसर्ग वाट पाहत नाही.

प्रतिसाद २

मी दोन वर्षांपूर्वी अशाच लेन्स सोडल्या. पहिला दिवस बरा गेला, चौथ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवरचे घड्याळही वाचता येईना. तिसऱ्या आठवड्यानंतर फरक जाणवेनासा झाला, तरी माझ्या डॉक्टरांनी काही दिवसांच्या अंतराने दोनदा टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, केली आणि दोन्ही नकाशे जुळल्यावरच चष्म्याचा नंबर लिहून दिला. लेसरसाठीही हाच नियम आहे, कारण सरकत्या कॉर्नियावर मोजलेल्या नंबरावर शस्त्रक्रिया बेतता येत नाही. शेवटी निघालेला नंबर लेन्स सुरू करण्यापूर्वीच्या नंबराहून थोडा जास्त होता. लेन्सच्या आड तो वाढत राहिला होता, इतकेच.

प्रतिसाद ३

मुलीचा निर्णय कृपया तुमच्या निर्णयाला बांधू नका. मुलांच्या बाबतीत या लेन्स केवळ दिवसाचा चष्मा टाळण्यासाठी नसतात, डोळ्याची लांबी वाढण्याचा (आणि त्यासोबत उणे नंबर वाढण्याचा) वेग कमी करण्यासाठीही दिल्या जातात. हाँगकाँगमध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांत ही वाढ साध्या चष्म्याच्या तुलनेत सुमारे ४३ टक्क्यांनी कमी आढळली. तिथल्याच पुढच्या एका अभ्यासात वयाच्या १४ वर्षांच्या आत लेन्स थांबवलेल्या मुलांमध्ये डोळ्याची वाढ पुन्हा वेगावली आणि लेन्स परत सुरू केल्यावर ती मंदावली. तिच्या लेन्स बंद करायच्याच असतील, तर कमी तीव्रतेचे ॲट्रोपिनचे थेंब किंवा मायोपिया (उणे नंबर) वाढण्यापासून रोखणारे चष्मे यांबाबत आधी विचारा, आणि डोळ्याची लांबी मोजून ठेवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मुलीच्या लेन्स तूर्त तशाच ठेवते आणि तिच्या डॉक्टरांना विचारते. एक शंका: महिनाभराने माझा विचार बदलला, तर जुन्याच लेन्स पुन्हा घालता येतील का?

प्रतिसाद १

थेट नको. लेन्सवर ओरखडे वा साका आहे का, ती आजच्या कॉर्नियावर नीट बसते का, हे आधी पाहून घ्यावे लागेल. जुनी डबी आणि उघडलेले द्रावण मात्र आजच टाकून द्या, आणि नळाच्या पाण्याने लेन्स कधीही धुऊ नका.