चेंगडूने परंपरा जपली म्हणे!

उंटावरचा शहाणा
'खिडकीतली सीट' यांचं चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगडूचं प्रवासवर्णन वाचलं. फोटो झकास आहेत. पण शेवटी "दोन कोटींचं शहर, मेट्रो, काचेचे मनोरे, तरी त्यांनी परंपरा जपली, आपण वाडे पाडून पार्किंग केलं" हे वाक्य आलं आणि सकाळचा चहा कडू झाला. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

बाई, 'रुंद आणि अरुंद गल्ल्या' नावाच्या ज्या भागाचे तुम्ही अकरा फोटो टाकलेत, ती मूळची छिंग राजघराण्याच्या काळातली मांचू सैन्याची छावणी. जुनी खरीच. पण आज दिसते ती २००८ मध्ये नव्याने सजवून उघडलेली. आत कॉफीची दुकानं आणि पांडाच्या टोप्या. जिनली बाजार तर २००४ चा, माझा मुलगा त्याहून मोठा आहे! शहराचा कोट पाडला, मधल्या राजवाड्याचे अवशेष १९६० च्या दशकात गेले, आणि आज तिथे हात वर करून माओ उभे आहेत. मी कामानिमित्त दोनदा जाऊन आलोय. सिचुआनी नाटकातला क्षणात मुखवटे बदलणारा नटसुद्धा मला हॉटेलात टेबलावर हॉटपॉटचा रस्सा उकळत असताना बघायला मिळाला, टेबलांमधून फिरताना. याला जपणं म्हणतात की दुकान मांडणं?

खिडकीतली सीट
अकरा नाही, चार फोटो. बाकीचे पीपल्स पार्कातल्या हमिंग चहाघराचे आहेत, ते १९२३ चं आहे. बांबूच्या खुर्च्या, खाली बशी आणि वर झाकण असलेला चहाचा पेला. एका पेल्यावर मी अख्खी दुपार काढली. ते गरम पाणी ओतत राहतात, 'उठा' कुणी म्हणत नाही. कान कोरणारे चिमटा वाजवत फिरतात. पलीकडे आईबाप मुलामुलींची माहिती कागदावर लिहून मांडून बसलेले: वय, उंची, शिक्षण, घर आहे की नाही. हे सगळं माझ्यासाठी उभारलं होतं का? टीका करण्याआधी लेख पूर्ण वाचायची परंपरा तेवढी आपण जपायला हवी होती.

पोटभाडेकरू
दोघांचंही चुकतंय. मी तिथे दोन वर्षं नोकरी केली. त्या गल्ल्यांचं नाव काढलं की माझी घरमालकीण नाक मुरडायची. परंपरा बघायची तर थंडीत इमारतींकडे मान वर करून बघा. चौदाव्या मजल्याच्या बाल्कनीत मसाला लावलेलं मांस आणि सॉसेज वाळत टांगलेली, आणि खाली रात्री अकरापर्यंत माजोंगच्या सोंगट्यांचा खडखडाट. सोंगट्या लावून देणारं टेबल विजेचं, शिव्या मात्र पारंपरिक.

चहाच प्यायचा तर चेंगडूजवळच्या फंगचन गावातल्या जुन्या चहाघरात जा. मातीची जमीन, भिंतींवर सांस्कृतिक क्रांतीच्या घोषणा अजून तशाच. गावातले म्हातारे पहाटेच येऊन बसतात. मी होतो तेव्हा त्यांना एका युआनमध्ये चहा मिळे आणि कॅमेरेवाल्यांना दहा युआनमध्ये. मी दाढी वाढवून, कॅमेरा लपवून गेलो, तरी दहाच घेतले.

तळटीप
या चहाघरांची एक जुनी रीत कुणीच सांगितली नाही. भांडण झालं की दोन्ही पक्ष चहाघरात यायचे, एखादा वजनदार माणूस न्याय करायचा आणि हरलेल्याने सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे. आणि आमच्याकडे? एका पेठेतल्या हॉटेलात माझ्या सत्तर वर्षांच्या वडिलांना "चहा झाला असेल तर जागा मोकळी करा" म्हणून उठवलं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. तेव्हापासून त्या रस्त्याने मी जात नाही. वाडे राहूदेत हो, आधी माणसाला बसू द्या.

वेंगुर्लेकर
धागा कशाचा आहे ते कळलं, पण मला वेगळाच राग आलाय. सीटताई लिहितात, "जिभेला मुंग्या आणणारी ती परदेशी मिरी आयुष्यात पहिल्यांदा चाखली." परदेशी?? अहो, तिरफळ आहे ते! आमची आई बांगड्याच्या तिखल्यात आयुष्यभर घालत आली. मराठी माणसाला सिचुआनला जाऊन तिरफळ भेटतं, आणि वेंगुर्ल्याला येऊन तो पनीर मागतो.

पोटभाडेकरू
काका, तिरफळ नव्हे, तिरफळाचं भावंड. कूळ एक, झाडं वेगळी. त्यांचं हानयुआन भागातलं लाल ह्वाच्याव, म्हणजे तीच सिचुआनी मिरी, जीभ पार बधिर करतं, नंतर दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखं वाटतं. तिरफळाला वास जास्त, मुंग्या कमी.

वेंगुर्लेकर
मुंग्या कमी? तुम्ही वाण्याच्या बरणीतली तीन वर्षांची तिरफळं खाल्ली असणार. पावसाळ्यात झाडावरचा हिरवा घोस आणून बघा. आणि काळं बी काढायचं असतं, हे तरी ठाऊक आहे का?

पोटभाडेकरू
बी तेही काढतात. पण ते तेलात परततात, भाजून पूड करतात. तुम्ही अख्खी रश्शात सोडता आणि पाहुण्याला सांगत नाही. माझ्या सासुरवाडीला मी पहिल्या जेवणात एक चावलं होतं. सगळे हसले. अजून हसतात.

वेंगुर्लेकर
हां, म्हणजे हे सासुरवाडीचं दुखणं आहे तर! त्यात तिरफळाचा काय दोष?

उंटावरचा शहाणा
धाग्याचा बाजार झालाच आहे तर ऐका. मसाल्याचं कौतुक चाललंय, पण मिरची त्यांचीही नाही, आपलीही नाही. ती अमेरिका खंडातून आली, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर, सिचुआनात त्याच्याही बरीच नंतर. ज्याला 'पारंपरिक सिचुआनी तिखट' म्हणता ते तसं कालपरवाचं आहे.

तळटीप
वा! मिरची बाहेरून येऊन रुळली तर चालते, मग २००४ च्या जिनलीवर एवढा राग का? दोनशे वर्षांनी तीही रुळेल की.

उंटावरचा शहाणा
मिरची लोकांनी रोजच्या जेवणात घेतली, म्हणून ती रुळली. जिनलीत रोज जातंय कोण, पर्यटकच ना? तरी ठीक आहे, एक मान्य करतो. जवळच्या दुजियांगयानला नदीचं पाणी वळवण्याची व्यवस्था इ.स.पू. २५६ च्या सुमाराची, ली पिंगने बांधायला घेतलेली. ती आजही शेतांना पाणी देते. ते जपणं खरं. त्याचा मात्र सीटताईंच्या लेखात एकही फोटो नाही.

खिडकीतली सीट
पाऊस होता, गेले नाही. झालं समाधान? आणि पार्किंगचं वाक्य मी मागे घेत नाही. आमचाच वाडा होता तो, आणि सही माझ्याच काकांची होती.

उंटावरचा शहाणा
हे लेखात लिहायला हवं होतं. मग मी धागा काढला नसता. बरं, त्या रितीप्रमाणे चहाचे पैसे माझ्याकडे. पण अर्धेच.

वेंगुर्लेकर
चहाचं तुमचं तुम्ही बघा. पोटभाडेकरू, पत्ता पाठवा. यंदाची हिरवी तिरफळं कुरियर करतो. मग बोला मुंग्यांबद्दल.

पोटभाडेकरू
पाठवा. पण सासुरवाडीच्या पत्त्यावर नको.