ओळखीचा ड्रायव्हर आता व्यापारी होऊन बाग मागतोय. माल द्यावा का?

सोनाका_तासगाव

नमस्कार. तासगाव तालुक्यात माझी दोन एकर सुपर सोनाका द्राक्षाची बाग आहे. छाटणी 12 ऑक्टोबरची. परवा गोडी मोजली, 18 भरली. बाग सौद्याला आलीय, आठ दिवसांत द्यायलाच हवी, आणि मी अडलेय.

आमचा माल नऊ वर्षं एकच व्यापारी न्यायचा. सौदा माझे मालक करायचे. मी पॅकिंगच्या बायका आणि पेट्यांची मोजणी बघायची. त्या व्यापाऱ्याच्या गाडीवर एक ड्रायव्हर होता, सरळ मुलगा. एकदा वजनात 40 किलोची चूक आमच्या तोट्यात झाली, तर रात्री दहाला फोन करून त्यानंच सांगितली. हिशोबाचं पाकीट तोच आणायचा, कधी रुपया कमी निघाला नाही. दोन वर्षांपूर्वी मालक गेले तेव्हा दहाव्याला आला आणि कुणी न सांगता पंगतीला पाणी वाढत राहिला.

यंदा तो स्वतः व्यापारी झालाय. चार किलोच्या पेटीला 220 म्हणतो. बाकीचे 195 च्या पुढं सरकत नाहीत. पण पैसे माल गेल्यावर पंधरा दिवसांनी. पाच हजार पेट्या धरल्या तरी 11 लाख होतात, आणि सोसायटीचं कर्ज त्यातूनच फेडायचंय. सासरे म्हणतात, घरातल्यासारखं पोरगं आहे, दे. माझं मन घेत नाही, आणि त्याच्यावर संशय घ्यायची लाजही वाटते. त्याला विचारायचं तरी काय आणि कोणत्या तोंडानं?

पलूसचा_बागवान

ताई, तो प्रामाणिक होता यात शंका नको. पण तेव्हा पाकीट दुसऱ्याचं होतं. भरलेलं पाकीट न उघडता पोचवणं हा एक गुण झाला. स्वतःच्या खिशातून 11 लाख वेळेवर उभे करायला गुणासोबत भांडवल लागतं. ते त्याच्याकडं आहे का, हे नऊ वर्षांत तुम्हाला कधी दिसायचं कारणच नव्हतं.

माझे 3 लाख 40 हजार असेच गेले. आमच्या छाटणीच्या टोळीचा मुकादम, बारा वर्षांची ओळख. त्यानं दलाली सुरू केली, पहिल्या वर्षी चोख पैसे दिले. दुसऱ्या वर्षी वरच्या व्यापाऱ्यानं त्याला दिले नाहीत, त्यानं मला दिले नाहीत. महिनाभर फोन उचलायचा, मग बंद. त्याच्या घरी गेलो तर त्याची आई रडत होती. त्यानं एक पैसा खाल्ला नव्हता, आजही माझं तेच म्हणणं आहे. बुडवायचं मनात नसतानाही पैसे बुडतात. मी माणूस ओळखण्यात चुकलो नव्हतो, तो आता कोणत्या जागी उभा आहे ते बघायचं राहिलं.

तुम्ही तीनच गोष्टी विचारा. माल कुठल्या बाजारात उतरणार, तिथं पैसे कोण देणार, आणि त्यानं नाही दिले तर तू कशातून देणार? तिसऱ्या प्रश्नाला तो चिडला तरी उत्तर मिळाल्याशिवाय कात्री लावू देऊ नका.

निवृत्त_लिलाव_कारकून

मी बाजार समितीत 31 वर्षं होतो. ताईंनी एक समजून घ्यावं. 2016 साली राज्यानं फळं-भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला. शेतकऱ्याला कुठंही विकायची मोकळीक मिळाली, ते चांगलंच झालं. पण आवारात अडत्याला परवाना लागतो आणि तक्रार घेऊन जायला समितीचं दार असतं. बांधावरच्या सौद्यात तुमच्यामागं उभं राहणारं कुणी नाही.

दुसरं, तो स्वतःला व्यापारी म्हणतो, पण तो विकत घेणार आहे की दुसऱ्यासाठी माल गोळा करणार आहे? पहिला असेल तर पैशाची जबाबदारी त्याची. दुसरा असेल तर उद्या तो म्हणेल, ‘वहिनी, मी फक्त मधला माणूस.’ सौदा चिठ्ठीवर ‘खरेदीदार’ म्हणून त्याचं नाव, सही, दर, पेट्या आणि पैसे द्यायची तारीख घ्या. वजनाची पावती रोजच्या रोज.

चेक दिला तर खातं कुणाचं ते आधी वाचा. बोलणी हा करतो आणि चेक मेव्हण्याचा देतो, असं मी फार पाहिलंय. चेक वटला नाही तर कलम 138 ची केस चेकवर सही करणाऱ्या खातेदारावर होते, बोलणी करणाऱ्यावर नाही. चेक परत आल्याचं बँकेनं कळवलं की 30 दिवसांत नोटीस जायला हवी. ‘अजून आठ दिवस थांबा’ ऐकत बसलात तर ती मुदतही हातची जाते.

शेडवाली_कवठेमहांकाळ

मी वेगळं सांगते. ताई, तुमची अडचण त्या मुलापेक्षा ‘आठ दिवसांत बाग द्यायलाच हवी’ ही आहे. घाई असली की माणूस दिसतो त्यापेक्षा बरा वाटायला लागतो. अर्धी बाग बेदाण्याला धरा. त्याला गोडी 22 च्या पुढं लागते, म्हणजे थांबावं लागेल, आणि ढग आले की जीव टांगणीला लागतो हे खरं. चार किलोला साधारण एक किलो बेदाणा पडतो. वाळवायच्या शेडचं भाडं, डिपिंग (वाळवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवणं), मजुरी सगळं धरून हिशोब करा. पण वाळलेला माल कोल्ड स्टोअरेजला ठेवता येतो, त्या पावतीवर कर्ज मिळतं आणि सौद्यात उघड बोली लागते. हातात दुसरी वाट असली की त्या मुलाशी बोलताना तुमचा आवाजच वेगळा येईल.

आणि सासऱ्यांशी भांडू नका. त्यांनी तो मुलगा घरात जेवताना बघितलाय. त्यांच्यासमोरच त्याला प्रश्न विचारा, म्हणजे उत्तरं त्यांनाही ऐकू येतील.

सोनाका_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत जे झालं ते लिहिते.

जुन्या व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, पोरगं लाखात एक, पण माझ्याकडं असताना पैसे माझे होते. मग यंदा त्यानं माल नेलेल्या दोन बागांवर गेले. पहिल्याला आठव्या दिवशी पैसे मिळाले. दुसऱ्याला पंधराचे सव्वीस दिवस झाले, निम्मे अजून यायचेत.

काल त्याला घरी बोलावलं. सासरे शेजारी बसले होते. प्रश्न मी विचारले, हात थरथरत होते. माल कोलकात्याला जाणार, पैसे तिथला व्यापारी देणार, इथवर तो नीट बोलला. तिसऱ्या प्रश्नाला गप्प झाला. मग म्हणाला, ‘वहिनी, गाडी विकून देईन.’ गाडीवर अजून कर्ज आहे, हेही त्यानंच सांगितलं. खोटं बोलला नाही, तेवढ्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सासऱ्यांनीच तोडगा काढला. दर 195, रोज भरलेल्या गाडीचे पैसे गाडी हलायच्या आधी खात्यावर. त्याला एका वेळी 300 पेट्यांचं झेपतं, तेवढंच रोज तोडायचं. खालच्या अंगाचा पाऊण एकर बेदाण्याला ठेवला.

आज पहिली गाडी गेली. 58,500 जमा झाले, मेसेज आल्यावर मी फाटक उघडलं. उद्याच्या पेट्यांसाठी बायकांना सकाळी सहाला बोलावलंय. शेडवाली ताई, डिपिंग ऑइल कुठून घेता तेवढं कळवा.