लिसफ्रँकचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले, डाव्या चवड्यावर अजून जोर येत नाही. असं कुणाचं झालंय का?

लेफ्टबॅक_कोल्हापूर

नमस्कार. वय २४, पेठेतल्या तालमीकडून लेफ्ट बॅक खेळतो. शिरोली एमआयडीसीत मशीनवर आहे, आठ तास उभ्याचं काम. थोडं लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

जानेवारीत शाहू स्टेडियमवर लीगची मॅच होती. सेकंड हाफमध्ये बॉल अडवायला घसरत गेलो आणि उठत होतो. डावा चवडा जमिनीवर टेकलेला, टाच वर, आणि तेवढ्यात त्यांचा फॉरवर्ड मागून माझ्या टाचेवर पडला. त्याची काही चूक नाही, त्याचाही तोल गेला होता. गॅलरीत दोन्ही पेठांचा दंगा चालला होता, तरी पायातला ‘कट्’ आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

त्या रात्री एका दवाखान्यात झोपवून एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नाही, लचक आहे, आठवडाभर आराम करा म्हणाले. क्रेप बँडेज आणि गोळ्या. घरी आजीनं आंबेहळदीचा लेप घातला. तिसऱ्या दिवशी मोरीत पाय धुताना तळवा वर केला तर मधोमध, पायाची कमान असते तिथं, जांभूळ चिरडल्यासारखा डाग. मार वरून बसलाय, मग खाली काळंनिळं कशाला पडेल? पण लचक म्हणून सांगितलेलं, म्हणून मी पुढं तीन आठवडे लंगडत कामावर जात राहिलो. हे मला आजही लागून राहिलंय.

मग दुसऱ्या डॉक्टरांनी तो डाग कधी पडला हे विचारलं आणि मला दोन्ही पायांवर उभं करून एक्स-रे काढला. दोन्ही पाय शेजारी शेजारी. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या लांब हाडांमध्ये उजव्या पायात केसाएवढी रेघ, डाव्यात चांगली फट. मग सीटी स्कॅन. लिसफ्रँक, म्हणजे पायाच्या मधल्या भागातल्या सांध्याची इजा, हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

फेब्रुवारीच्या मध्याला ऑपरेशन, एक प्लेट आणि दोन स्क्रू. आठ आठवडे पाय टेकायचाच नाही. नंतर मे संपेपर्यंत तो मोठा बूट. जुलैत प्लेट-स्क्रू काढले, छोट्या बाटलीत घालून हातात दिले. आईनं ती बाटली देवघराच्या कोनाड्यात ठेवलीय.

आता सप्टेंबर संपत आला. सपाट रस्त्यावर चालतो, लंगडत नाही. रंकाळ्याला एक फेरी हळू पळून होते. पण सकाळी पहिली दहा-वीस पावलं पाय लाकडासारखा. डाव्या एका पायावर उभं राहून टाच उचलायला गेलो की चारनंतर पाय ऐकत नाही, उजव्यावर तीस होतात. गणपतीच्या मिरवणुकीत दोन तास उभा राहिलो, दुसऱ्या दिवशी पायाची वरची बाजू फुगली. आणि बॉल मारताना नाही, तर अचानक दिशा बदलताना मधेच कळ येते.

कोच सरांनी कधी घाई केली नाही. पण डिसेंबरात लीग सुरू होईल आणि टपरीवर रोज कुणीतरी विचारतं, ‘काय, कधी उतरणार?’ माझा प्रश्न एवढाच. सात महिन्यांनी हे असं असणं बरोबर आहे की काहीतरी चुकलंय? आणि कुठलं दुखणं सोसायचं, कुठल्या दुखण्याला थांबायचं, हे ओळखायचं कसं?

---

फिजिओ_पुणे

तुमचा पाय मी पाहिलेला नाही, त्यामुळं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पण अशा पायांवर मी काम केलंय, म्हणून लिहिते.

आधी तो डाग. पाय मुरगळल्यानंतर तळव्याच्या मधोमध काळंनिळं पडलं तर लिसफ्रँक असू शकतं असं धरूनच तपासायचं असतं. झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये ही इजा लपते, कारण हाडांवर वजनच नसतं. उभं राहिलं की फट उघडते. पहिल्या वेळी सुटलेली ही काही तुमची एकट्याची केस नाही. जगभर ही इजा लचक समजून सोडली जाते. तुमचे तीन आठवडे गेले, पण त्यासाठी स्वतःला बोल लावू नका.

आता एवढा वेळ का लागतो ते. दुसऱ्या बोटाचं लांब हाड मागच्या हाडांच्या खाचेत पाचरीसारखं ठोकून बसवलेलं असतं. पायाची सगळी कमान त्या पाचरीवर टिकते. शेजारशेजारच्या बाकी लांब हाडांना बुडाशी एकमेकांना बांधणारे बंध असतात, पण पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये तसा थेट बंध नाही. तिथं एकच तिरका, जाड बंध आहे, आणि नेमका तोच तुमचा तुटला. टाच उचलून चवड्यावर येता, पळताना जमीन मागं ढकलता, कट मारता म्हणजे झटकन दिशा बदलता, तेव्हा सगळा जोर तिथूनच जातो. फुटबॉलमध्ये त्या जागेला सुट्टी अशी नाहीच.

म्हणून सात महिन्यांनी तुम्ही मागं पडलाय असं मला वाटत नाही. ऑपरेशननंतर मैदानावर यायला नऊ महिने ते वर्ष लागणं सर्रास आहे. शिवाय तुम्ही फेब्रुवारीपासून मोजताय, मी जुलैपासूनही मोजेन. स्क्रू काढल्यावर हाडात भोकं राहतात, ती भरेपर्यंत उड्या आणि कट टाळायला सांगतात. म्हणजे जोराचा व्यायाम करायची मुभा तुम्हाला आत्ता कुठं मिळतेय.

दुखणं कसं ओळखायचं? व्यायाम करताना दहापैकी दोन-तीन एवढं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय नेहमीसारखा असला, तर चालू ठेवा. सकाळी सूज असेल, पहिली पावलं कालच्यापेक्षा जड असतील, तर काल जास्त झालं, दोन दिवस मागं या. टोचल्यासारखी एकाच बिंदूवर कळ येत असेल, किंवा कमान खाली बसल्यासारखी दिसत असेल, तर थेट डॉक्टर आणि पुन्हा उभं राहून एक्स-रे. दिशा बदलताना येणारी तुमची कळ त्यांना नक्की दाखवा, स्वतः ठरवू नका.

आणि ती टाच उचलायची चाचणी हीच तुमची लीग धरा. उजव्यावर तीस होतात ना, मग डाव्यावर सत्तावीसच्या आसपास, टाच पूर्ण वर जाऊन, होईपर्यंत मॅच नाही. सुरुवात दोन्ही पायांवर, ओट्याला हात लावून. मग वर जाताना दोन्ही पाय, खाली येताना फक्त डावा, हळूहळू पाच मोजत. उड्या त्याच्यानंतर.

एक विचारते, राग मानू नका. मावा-तंबाखू आहे का? असेल तर बंद. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, हाड भरायला उशीर होतो.

---

जुना_हाफबॅक

पोरा, तुझं वाचलं आणि माझा उजवा पाय आठवला. आता वय ५३ आहे.

माझं तुझ्यासारखं नव्हतं, करंगळीकडचं लांब हाड गेलं होतं, बुडापाशी. प्लॅस्टर झालं. सहाव्या आठवड्यात आमची फायनल. आमच्या वेळी फिजिओ कुठला, तालमीतला वस्ताद पाय चोळून द्यायचा आणि म्हणायचा, उतर. मी पण उतरायलाच बघत होतो, खोटं कशाला बोलू. पट्टी आवळून बांधली, बूट अर्धा नंबर मोठा घातला. एकविसाव्या का बाविसाव्या मिनिटाला, कुणी हातसुद्धा लावला नाही, नुसता वळलो आणि त्याच जागी परत मोडलं. दुसऱ्या खेपेला ते हाड नीट जुळलंच नाही. पावसाळ्यात अजून सांगतं.

मोठ्यांचंपण असंच होतं. ब्राझीलच्या नेमारचं बघ. फेब्रुवारी २०१८ ला मार्सेविरुद्ध उजव्या पायाचं तेच करंगळीचं हाड गेलं. ऑपरेशन केलं, जूनमध्ये वर्ल्ड कप खेळला. जानेवारी २०१९ ला त्याच पायाचं तेच हाड पुन्हा. त्याच्यामागं किती डॉक्टर असतील विचार कर.

टपरीवरच्यांचं मनावर घेऊ नको. ते तुझ्यावर जीव टाकतात म्हणून विचारतात, वाईट नाहीत. पण फायनलच्या दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आई आणि थोरला भाऊ दोघंच होते. भावानं मला पाठीवर घालून जिना उतरवला. तेवढं ध्यानात ठेव.

---

लंडनचा_सातारकर

तुझी दुखापत वेगळी आहे, पण स्पेनचा फुटबॉलपटू सान्ती काझोर्ला याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९ ऑक्टोबर २०१६. लुडोगोरेत्सविरुद्ध आर्सेनल, त्याचा तेव्हाचा लंडनचा क्लब, ६-० जिंकला. मी त्यांच्या एमिरेट्स स्टेडियमवर होतो. दोन्ही पायांनी सारखाच खेळणारा तो बुटका माणूस त्या रात्री दुखापत होऊन बाहेर गेला. आर्सेनलकडून ती त्याची शेवटची मॅच ठरेल असं स्टेडियममध्ये कुणालाच वाटलं नसेल.

घोट्याचं ऑपरेशन झालं, जखम भरेना. टाके घातले की उसवायचे. आत जंतुसंसर्ग झाला होता आणि टाचेच्या वरची जाड शीर, अकिलीस, त्यानं कित्येक सेंटिमीटर खाल्ली होती. एकामागून एक ऑपरेशनं झाली. मुलासोबत बागेत चालता आलं तरी समाधान माना, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. घोट्यावर कातडी लावायची तर ती हातावरून काढली, आणि त्या हातावर मुलीचं नाव गोंदलेलं होतं. त्यामुळं तिच्या नावाचा एक तुकडा आता त्याच्या घोट्यावर आहे. तो फोटो मी बघितला तेव्हा बराच वेळ फोन खाली ठेवून बसलो होतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात, एकवीस महिन्यांनी, तो व्हिलारेआलकडून मैदानात उतरला. २०१९ मध्ये स्पेनच्या संघात परत आला. लहानपणीच्या क्लबकडे, ओव्हिएदोकडे, २०२३ मध्ये गेला आणि जून २०२५ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्यांना ला लीगात चढवणाऱ्या मॅचमध्ये त्यानं गोल केला.

सगळ्यांचं असं होत नाही, मला ठाऊक आहे. पण तू २४ चा आहेस. एक लीग बुडाली तर बुडू दे.

---

लेफ्टबॅक_कोल्हापूर

ताई, काका, दादा, तिघांचंही दोन-दोनदा वाचलं. रात्री बाबांनाही वाचून दाखवलं. काकांचं ते जिन्याचं ऐकल्यावर बाबा उठून बाहेर गेले.

ताई, मावा होता. दिवसाला दोन पुड्या. कालपासून बंद केलाय, खरंच सांगतो. आणखी दोन गोष्टी विचारायच्या होत्या. कंपनीत सेफ्टी शूज घालून आठ तास जातात, त्यानं बिघडेल का? आणि परत खेळताना स्टड कसले घालू? जुने बूट अजून तसेच आहेत, स्टडमध्ये जानेवारीची माती वाळून बसलीय. धुवायला हात होत नाही.

---

फिजिओ_पुणे

मावा सोडलात हे ऐकून बरं वाटलं.

सेफ्टी शूजचा तळ कडक असतो, तुम्हाला तो चांगलाच आहे. मशीनपुढं रबरी मॅट मिळते का बघा, आणि तासाला पाच मिनिटं बसायला मागा. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या म्हणजे सुपरवायझरला सांगायला सोपं जाईल.

फुटबॉलचा बूट घेताना टाच आणि टोक दोन्ही हातांत धरून वाकवून बघायचा. बोटांपाशी वाकला पाहिजे. मधोमध वाकत असेल तर परत ठेवा, कारण मग तिथला सगळा ताण पायालाच सोसावा लागतो. स्टड आखूड घ्या. लांब स्टड जमिनीत अडकतात आणि अंग वळलं तरी पाय वळत नाही. आत कडक इनसोल घालायचा का हे डॉक्टरांना विचारा. जुने बूट राहू देत, ते घालायचे नाहीतच.

---

लेफ्टबॅक_कोल्हापूर

तीन आठवड्यांनी लिहितोय. डॉक्टरांकडे जाऊन आलो. पुन्हा दोन्ही पायांवर उभं करून एक्स-रे काढला. फट नाही, दोन्ही पाय सारखे. कळ येते ती सांधा आखडलाय म्हणून, असं म्हणाले. फिजिओ चालू केलीय, आठवड्यातून तीनदा.

कोच सरांना जाऊन सांगितलं की डिसेंबरात मी नाही. ते म्हणाले, मग सकाळी ज्युनियर पोरांना क्रॉस कसा मारायचा ते दाखवायला ये, उभ्यानं. रोज साडेसहाला जातो. टपरीवर आता मीच आधी सांगतो, यंदा नाही.

डाव्या पायावर काल अकरा झाल्या. अकराव्याला टाच पूर्ण वर गेली नाही, म्हणून वहीत दहाच लिहिल्यात.