‘औदुंबर’वर अमूर्त चित्र : काळा डोह जमत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बालकवींच्या ‘औदुंबर’वर अ‍ॅक्रिलिकमध्ये अमूर्त चित्र करतोय. कॅनव्हास २४ x ३० इंच, उभा. झाड, घरं, टेकडी काहीही ओळखू यायला नको. कवितेच्या आठ ओळींत रंग ज्या क्रमाने येतात, म्हणजे हिरवा, निळासावळा, पुन्हा हिरवा, मग पांढरी पायवाट, परत एकदा हिरवा आणि शेवटी काळा, तेवढाच क्रम वरून खाली उतरवायचाय.

वरचा भाग बरा झालाय. घोडं अडलंय ते खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, म्हणजे कवितेतल्या काळ्या डोहात. नुसता आयव्हरी ब्लॅक लावला तर वाळल्यावर मॅट होतो, कॅनव्हासला भोक पडल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून केलेला काळा जास्त जिवंत वाटला, पण हिरव्याला भिडतो तिथे चिखल होतो. खालचा थर पूर्ण वाळू देऊनही, कारण कडा मऊ करायला मी तिथे दोन्ही रंग पुन्हा ओले लावून ब्रशने एकमेकांत ओढतो. ग्लॉस मीडियम (रंगात मिसळायचं चकचकीत, पारदर्शक माध्यम) घालून पातळ थर दिले, तर डोहावर नुसती चकाकी आली. बालकवी ‘गोड काळिमा’ म्हणतात, तो हा नव्हे!

तैलरंग सुचवू नका, टर्पेंटाइनचा वास घरात चालत नाही. पायवाट चाकूने खरवडून काढली आहे, ती तशीच ठेवायची आहे.

तर हिरव्यातून काळ्यात जाताना मध्ये कोणता रंग घ्यावा? थॅलो ग्रीन आणि अलिझरिन क्रिमझन (गडद लाल) मिसळून केलेला काळा कुणी मोठ्या भागावर वापरलाय का, आणि तो वाळल्यावर कितपत गडद होतो?