सावत्र वडिलांचं दत्तक: कोर्ट कुणाच्या गावचं?

तर्रीपोहे_नागपूर
परवा इथे एकीने सल्ला दिला: 'दुसरं लग्न झालं, मुलगी आता बंगलोरात शिकते, तर तिथेच नव्या नवऱ्याच्या नावाने दत्तकाचा अर्ज टाका. पहिल्याला नोटीस गेली की काम फत्ते.' खाली लाइकचे बदामच बदाम.

काम फत्ते होत नाही, ताई. घटस्फोट नागपूरच्या फॅमिली कोर्टात झाला, ताबा आणि भेटीचे दिवस तिथेच ठरले, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली तो हुकूम बदलायलाही तेच कोर्ट. आणि बापाला नुसती नोटीस पुरत नाही, त्याची संमती लागते. १९५६च्या दत्तक कायद्याचं कलम ९ बघा. २०१०च्या दुरुस्तीने आईलाही मूल दत्तक द्यायचा हक्क मिळाला, पण दुसऱ्या पालकाच्या संमतीनेच. त्याने संन्यास घेतला, हिंदू धर्म सोडला किंवा कोर्टाने त्याला वेडा ठरवलं तरच सूट. मी अजून तिन्हीत बसत नाही.

ज्या कोर्टाने घर मोडलं त्यानेच पुढचं निस्तरावं. आईने राज्य बदललं म्हणून बापाने का हेलपाटे घालायचे?

इंदिरानगरची_मावशी
ती ताई मीच. १८९०च्या पालक-पाल्य कायद्याचं कलम ९ तुम्ही सोयीने गाळलंत. मूल सामान्यतः जिथे राहतं तिथलं जिल्हा न्यायालय. बापाचं गाव नाही, लग्नाचा हॉल नाही. मुलीची शाळा इथे बंगलोरात, डॉक्टर इथे, सकाळी तिला बसस्टॉपवर सोडणारा माणूस इथे. नागपूरच्या जजसाहेबांना यातलं काय दिसणार?

अर्धा_वकील
दोघंही अर्धंच सांगताय. कलम ९ पालकत्वाच्या अर्जाला, कलम २६ घटस्फोटातल्या हुकुमाला. दत्तकाची वाट तिसरीच. बाल न्याय कायद्याने गेलात तर १ सप्टेंबर २०२२ पासून आदेश कोर्ट देत नाही, जिल्हाधिकारी देतो. अपील विभागीय आयुक्ताकडे, ३० दिवसांत. हिंदू दत्तक कायद्याने गेलात तर कोर्टही नको, सब-रजिस्ट्रारकडे दत्तकपत्र नोंदवायचं. पण मावशी, ताब्याचा दावा कोर्टात असेल तर तो निकाली निघेपर्यंत सावत्र पालकाच्या दत्तकाची प्रक्रिया सुरूच होत नाही. दावा नागपुरात का असेना.

तर्रीपोहे_नागपूर
म्हणजे सातबारा आणि बाप एकाच कचेरीत! छान.

अर्धा_वकील
यावरच मुंबई हायकोर्टात आव्हान गेलं, आणि जानेवारी २०२३मध्ये त्यांनी प्रलंबित प्रकरणं कलेक्टरकडे जाऊ दिली नाहीत.

टेक्सासतात्या
आमच्याकडे अमेरिकेत सोपं आहे. मूल सहा महिने जिथे राहिलं ते त्याचं राज्य. ताब्याचा पहिला हुकूम देणारं राज्य, आईबापांपैकी एक तरी तिथे आहे तोवर अधिकार सोडत नाही. १९९७चा नमुना कायदा, जवळपास सगळ्या राज्यांनी घेतलाय. तुम्ही बसा १८९० कवटाळून.

अर्धा_वकील
तात्या, त्याच कायद्याने दत्तकाची प्रकरणं वगळली आहेत, ते सांगायचं राहिलं वाटतं. पालकत्व संपवायचा अर्ज आत, दत्तक बाहेर. वकिलांची चंगळ तिकडेही आहेच.

कोथरूडची_आई
कोर्टाचं सोडा हो, मधल्या नावाचं बोला. गॅदरिंगला माझ्या मुलाचं पूर्ण नाव पुकारतात, त्यात मधलं नाव अशा माणसाचं जो एकाही गॅदरिंगला फिरकला नाही. ज्याने रात्रभर जागून पुठ्ठ्याचा मुकुट चिकटवला तो मागच्या रांगेत टाळ्या वाजवतोय. बोनाफाईडच्या खिडकीवर कारकून त्यालाच विचारतो, 'आपण कोण?'

विरारलोकल
आईचं नाव लावा ना. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात आईचं नाव आधी, मग बापाचं.

कोथरूडची_आई
माझा आठवीत आहे. त्याला परत जन्माला घालू का?

इंदिरानगरची_मावशी
सुप्रीम कोर्टानेच जुलै २०२२मध्ये सांगितलंय, मुलाचं आडनाव आई ठरवू शकते. आंध्रच्या हायकोर्टाने कागदावर 'सावत्र वडील' असं लिहायला सांगितलं होतं, ते क्रूर आहे म्हणून रद्द केलं.

तर्रीपोहे_नागपूर
त्या खटल्यात बाप वारला होता, आजी-आजोबा भांडत होते! मी जिवंत आहे. मला आधीच फोटोला हार घालू नका.

इंदिरानगरची_मावशी
जिवंत आहात तर पोटगी वेळेवर जाते का, तेही सांगा.

तर्रीपोहे_नागपूर
पोटगीचा इथे काय संबंध? भेटीच्या दिवशी कोर्टातल्या त्या खोलीत मी बाहुली घेऊन बसायचो. पाच वाजता शिपाई कुलूप घेऊन उभा राहायचा. मुलगी येतच नव्हती. त्याचा हिशोब कुणी मागितला?

अर्धा_वकील
पोटगी थकली म्हणून संमतीची अट सुटत नाही, दुर्दैवाने. भेट नाकारली म्हणून पोटगीही सुटत नाही. आणि साहेब, एका राज्यातला दावा दुसऱ्या राज्यात न्यायचा तर थेट सुप्रीम कोर्ट. दिवाणी संहितेचं कलम २५. नागपूर-बंगलोरच्या भांडणाला दिल्लीचं तिकीट.

तर्रीपोहे_नागपूर
आणि तिथे बाईची सोय बघून बदली! २०१७च्या मार्चमध्ये म्हणाले, व्हिडिओवरून चालवा. ऑक्टोबरात मोठ्या खंडपीठाने दोनास एक मतांनी ते फिरवलं.

इंदिरानगरची_मावशी
तान्हं कडेवर घेऊन तारखेला गेलात कधी? असो. संमती लागते, मान्य. बदाम परत न्या. पण सही घ्यायला मी नागपूरला येणार नाही, कुरिअरने पाठवा.

तर्रीपोहे_नागपूर
राहत्या गावचं कोर्ट मुलाला बरं पडतं, हे मीही लिहून देतो. संमती नाही देत.

कोथरूडची_आई
बाकी चालू द्या. राजपत्रात मधलं नाव बदलायला पहिल्याची सही मागतात का? अलीकडे कुणी केलंय?

विरारलोकल
तुम्हाला वेगळा धागा काढायला काय होतं?